बोटभर पाणी

नव्या टाकीचं पाणी बोटभर उतरलं होतं आणि गवंडी तिच्याभोवती सातवी फेरी मारत होता. भिंती बाहेरून कोरड्या ठणठणीत. मग पाणी गेलं कुठे?

टाकी लहानच, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. ती भरायची, हत्यारांचं अर्धं कापलेलं पिंप पाण्यावर तरंगत ठेवायचं आणि वरची कड घासायची, ही त्याची पद्धत. आज पाण्याच्या पातळीला त्याने खडूची रेघ मारली आणि कोपर लागून पिंप कलंडलं. घण, पहार, छिन्न्या सगळं तळाशी गेलं. पिंप मात्र मोकळं होऊन मजेत डुलत राहिलं.

"एवढं लोखंड आत पडल्यावर पाणी चढायला हवं! उतरतं कसं?" डबा घेऊन आलेल्या मास्तरीण बहिणीवर तो खेकसला, जणू तिनेच ते पिऊन टाकलं होतं.

"दादा, पिंपात होतं तेव्हा ते लोखंड आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारत होतं. आता बुडालं, तर फक्त आपल्या आकाराएवढं सारतंय."

सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं. आकड्याने एकेक हत्यार वर काढून त्याने पुन्हा पिंपात टाकलं. पाणी मुकाट्याने रेघेला येऊन टेकलं.

त्याने रेघेवरून बोट फिरवलं. गेल्या वर्षी त्याच्या वडिलांनी, आबांनी, बांधलेल्या टाकीतही हत्यारं अशीच पडली होती, पाणी असंच उतरलं होतं. "गळत नाही रे ती," म्हातारा सांगत राहिला होता, आणि याने त्याच्यादेखत ती घणाने फोडली होती.