जैबुनबीचा खुबा

बाभुळगावच्या जैबुनबीला टेबलावर उताणं झोपवून डॉक्टर निशिगंधा ढोले यांनी तिचा उजवा पाय गुडघ्यात दुमडला आणि बाजूला वळवायला घेतला. पाय वळेचना. जैबुनबीने दात आवळून टेबलाची कड धरली. दुखणं खुब्यात होतं, आणि निशिगंधाने वर्षभर इलाज केला होता गुडघ्याचा.

एक्स-रेत स्पष्टच दिसलं. रक्त पोचेनासं होऊन मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक चपटं झालं होतं. खुबा बिघडला की कळ गुडघ्यात उतरते, हे निशिगंधा शिकतानाच शिकली होती. तिने जुना केसपेपर काढला. पहिल्याच भेटीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘जांघेतही दुखते.’ ही खूण खुब्याचीच होती. त्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गुडघ्याच्या एक्स-रेत थोडी झीज दिसली, तेवढ्यावर तिने गुडघ्यात सुई दिली आणि शिवणकाम करणाऱ्या जैबुनबीला शिलाई मशीन बंद करायला सांगितलं. दोन महिन्यांनी पुन्हा सुई. तेव्हाच खुबा पाहिला असता तर लहानशा ऑपरेशनने हाड वाचण्याची आशा होती. आता सांधाच बदलावा लागणार होता.

“म्याडम, बीमारी वाढली काय?” जैबुनबीच्या मुलाने, परवेजने विचारलं.

“हो, वाढली,” निशिगंधा म्हणाली.

शब्द खोटा नव्हता, म्हणून तो सहज निघाला. पण घरी जाताना तिला स्वतःचीच किळस आली.

ऑपरेशन तिनेच केलं आणि ते चांगलं झालं. दुसऱ्याच दिवशी जैबुनबी वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत गेली. परवेजने सगळ्या सिस्टरना पेढे वाटले. आपलं गॅरेज तीन दिवस बंद ठेवून तो तिथेच बसून होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की म्याडममुळे अम्मी उभी राहिली. निशिगंधा त्याला पाहून दुसऱ्या जिन्याने जाऊ लागली.

ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात निशिगंधाला राहवेना. रविवारी ती एकटीच बाभुळगावला गेली. जैबुनबी उंच खुर्चीत बसली होती. सून अस्माने चहा ठेवला आणि ती आत गेली. निशिगंधाने केसपेपर पर्समधून काढला आणि काही न लपवता सगळं सांगितलं : काय लिहिलं होतं, काय तपासलं नाही, आणि त्यामुळे काय गेलं.



“दोन सुया देऊनही दुखे,” जैबुनबी म्हणाली. “तं घरात म्हणत, कामाचा कंटाळा हाये इले. आखरीले मलेही वाटे, म्या ढोंग तं नाही करून राह्यली?”

या गोष्टीचा विचार निशिगंधाने केलाच नव्हता. तिला फक्त हाड दिसलं होतं.

“परवेजसमोर सांगान का हे?” जैबुनबीने विचारलं.

परवेजला गॅरेजमधून बोलावलं. निशिगंधाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. तो आईकडे वळून म्हणाला, “अम्मी, सगळ्यात जास्त तं मीच बोललो तुले.” आणि ग्रीस लागलेले हात तसेच घेऊन तो बाहेर निघून गेला. निशिगंधाही उठली. तिला थांबा असं कोणी म्हटलं नाही.

पुढच्या तपासणीला जैबुनबी अस्मासोबत आली. निशिगंधाने परवेजची चौकशी केली.

“त्याचा राग उतरला नाही,” जैबुनबी म्हणाली. “माझाही पुरा नाही उतरला. पण पाय तुमालेच दाखवीन. तुमाले या पायाचं सारं माहीत हाये.”

ती टेबलाकडे गेली. निशिगंधाने हात पुढे केला, तो तिने धरला नाही. टेबलाची कड धरून ती आपली आपण चढली.