पुसट शिक्का

मंगळवारी सकाळी अकरा वाजता लोकसभा भरली आणि अकरा वाजून नऊ मिनिटांनी बंद पडली. कसबा बावड्यातल्या कोर्टाच्या आवारात, चहाच्या गाड्यापाशी उभं राहून मोबाइलवर हे बघणाऱ्या भैरवीने हातातला चहा न पिताच खाली ठेवला. दिल्लीतल्या गोंधळाशी कोल्हापुरातल्या एका तरुण वकीलबाईचं काय देणंघेणं? पण होतं. आदल्याच दिवशी ती एक खोटं बोलली होती, आणि ते निस्तरायचं तर दिल्लीतली चर्चा आजच व्हायला हवी होती.

गोष्ट अशी. जोतीराम हा मुरगूडकडच्या एका खेड्यातला चोवीस वर्षांचा पोरगा, कागलच्या एमआयडीसीत कंत्राटावर कामाला. तांब्याची तार चोरल्याच्या आरोपावरून आत गेला. त्याला जामीन मंजूर होऊन पाच महिने होत आले, तरी पोरगा कळंब्याच्या तुरुंगातच. कोर्टाची अट होती की जवळपासचा ऐपतदार जामीनदार हवा. घरची दीड एकर जमीन होती, पण सातबाऱ्यावर भावकीतली चौदा नावं, त्यातली चार तर मेलेल्यांची. भावकीने पाठ फिरवली. जोतीरामची आई धोंडुबाई पाच महिने दारोदार फिरली. भैरवी तिची वकील. तिने एक पैसा फी घेतली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तिच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही नाही.

त्यातच जामिनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक संसदेत आलं. गरिबाला जामीनदारावाचून, त्याच्या स्वतःच्या हमीवर सोडावं, असं त्यात म्हटलं होतं. खासदारसाहेब त्यावर बोलणार होते, तेही मराठीत. त्यांचे स्वीय सहायक उदयसिंह यांनी भाषण लिहायचं काम भैरवीवर सोपवलं. तिने चार दिवस मान मोडून लिहिलं. कलमं घातली, आकडे घातले, पण सगळा जीव होता तो शेवटच्या ओळींत : ‘हा जोतीराम आजही तुरुंगात आहे. त्याच्यासाठी अख्ख्या गावातून एक माणूस पुढे आला नाही.’

उदयसिंहांनी वाचलं आणि मांडीवर थाप मारली. “वकीलसाहेब, ह्या ओळीला सभागृह हलतंय बघा!”

आणि नेमका त्याच आठवड्यात माणूस पुढे आला.

केरबा त्याचं नाव. साठी उलटलेली, दारात चार म्हशी, वीस गुंठे रान एकट्याच्या नावावर. “पोरगं माझ्या गोठ्यात खेळून मोठं झालंय, मी ऱ्हातो जामीन,” असं धोंडुबाईला म्हणाला आणि नुसतं म्हणून थांबला नाही. तहसीलातून ऐपतीचा दाखला काढला, सातबारा घेतला आणि सोमवारी सकाळच्या एसटीने धोंडुबाईसह कोर्टात हजर झाला.

भैरवीने आनंदाने उदयसिंहांना फोन लावला.

“चांगलंच झालं की,” ते म्हणाले. “पण आता उदाहरण कुणाचं देणार? चर्चा उद्याच हाय.”

एवढंच. पोराला आत ठेवा, असं ते म्हणाले नाहीत. कुणीच म्हणालं नाही. ते भैरवीचं भैरवीनेच ठरवलं. पाच महिन्यांत आणखी दोन दिवस म्हणजे दर्या में खसखस, असं तिने स्वतःला समजावलं. या भाषणाने कायदा झाला तर असे हजारो जोतीराम सुटतील, असंही समजावलं. आपण लिहिलेलं वाक्य संसदेत घुमणार याचा मोह मात्र तिने स्वतःपाशीही कबूल केला नाही. शहाणी माणसं पाप करतात तेव्हा आधी त्याला चांगलं नाव शोधतात.

तिने केरबाचा दाखला उजेडाकडे धरला. “शिक्का पुसट आहे, काका. हा चालणार नाही. नवा काढून बुधवारी या.”

“पुसट?” केरबाने डोळे बारीक केले. “मला तर झ्याक दिसतोय.”

“न्यायाधीशांना दिसायला हवा ना.”

धोंडुबाईने लगेच तिची बाजू घेतली. “तुमाला काय कळतंय त्यातलं, केरबादा? शिकलेली पोर हाय ती. जावा, नवा आणा.” मग भैरवीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, “चुकीचा कागद दिऊन घोटाळा हुण्यापरास बरं की न्हाय, पोरी?”

तो हात भैरवीला दिवसभर पाठीवर जाणवत राहिला.

मंगळवारी लोकसभा दुपारी दोनला पुन्हा भरली आणि पुन्हा बंद पडली. बुधवारी केरबा नवा दाखला घेऊन हजर. म्हशी शेजाऱ्याच्या जिवावर टाकून आला होता. भैरवी एका कानाने त्याचं ऐकत होती, दुसऱ्या कानात मोबाइलची वायर होती. सभागृहात कागद भिरकावले जात होते. बारा वाजता कामकाज दिवसभरासाठी तहकूब झालं. एका खोट्याला दुसरं जोडायला फार वेळ लागत नाही.

“आज न्यायाधीश रजेवर आहेत, काका. शुक्रवारी नक्की.”

केरबाने दाखला घडी घालून खिशात ठेवला आणि एसटीकडे निघाला.

त्या संध्याकाळी जेवताना “कोर्टात काही बिनसलं का?” असं तिच्या वडिलांनी, अप्पांनी, विचारलं तर ती त्यांच्यावरच खेकसली आणि ताटावरून उठली. गुरुवारी एका अशिलाचं नावच विसरली. कोर्टाच्या जिन्यावर खालीवर करत, दर दोन मिनिटांनी मोबाइल बघत तिने दिवस काढला. दिल्लीतले शेकडो लोक भांडताहेत आणि त्यापायी कळंब्यातल्या एका कोठडीचं कुलूप निघत नाही, आणि त्याची किल्ली आपल्याच पिशवीत आहे, हे तिला स्वच्छ कळत होतं. तरी पिशवी उघडावीशी वाटत नव्हती. इतकं थांबलो, आता आणखी थोडं, असं जुगाऱ्यासारखं तिचं झालं होतं.

अखेर पाचच्या सुमाराला गोंधळ निवळला आणि खासदारसाहेब उभे राहिले. आणि बोलले, अगदी तिने लिहिलं होतं तसं. “अख्ख्या गावातून एक माणूस पुढे आला नाही!” असं म्हणून ते थांबले, आणि बाकं वाजली. उदयसिंहांचा फोन आला, “जिकलासा, वकीलसाहेब! कोल्हापूरभर चाललंय बघा मोबाइलवर!” भैरवी हसली. मग तेच वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं. एक माणूस पुढे आला होता. दोनदा आला होता. तिने केरबाला फोन लावला. त्याने उचलला नाही. पाच वेळा लावला, तरी नाही.

शुक्रवारी सकाळी तो आला. बरोबर धोंडुबाई होती. त्याने दोन्ही दाखले भैरवीच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

“काल सांजच्याला संस्थेत दूध घालाय गेलतो,” तो म्हणाला. “समदी मोबाइलात साहेबाचं भाषण बघत हुती. गावात एक बी माणूस न्हाय म्हणं. माझ्याकडं बघून हसली. म्हणली, केरबा, तू माणूस न्हवंस व्हय रं?”

केरबाने दाखल्यांवर बोट ठेवलं.

“आता मी जामीन ऱ्हायलो तर साहेब खोटा पडतोय, आन न्हाय ऱ्हायलो तर मी. आमी कुणी खोटं पडायचं, ते सांगा. आन तहसीलातला क्लार्क इचारत हुता, पयल्या शिक्क्याला काय धाड भरल्या म्हणून. मी काय सांगू त्याला?”

दोन्ही शिक्के सारखेच ठळक होते. खोटं बोलायला आता जागा नव्हती, आणि भैरवीला ती नकोही होती. ती म्हणाली, “शिक्का चांगला होता, काका. न्यायाधीशही रजेवर नव्हते. भाषण होईपर्यंत तो आत राहावा म्हणून मी खोटं बोलले. मीच.”

धोंडुबाई पुढे आली.

“म्हंजी सोमवारीच सुटला असता?”

“हो.”

धोंडुबाई हळूच खुर्चीवर टेकली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“काल भेटून आलो त्याला,” ती म्हणाली. “सोमवारी सुटतोयस, असं तुमच्या नावानं मीच सांगून ठेवलं हुतं. तवापास्नं टॉवेलात कापडं बांधून बसलाय. सोड म्हणलं तर सोडंना. म्हणतोय, वकीलबाईंनी सांगितलंय न्हवं, मग आज कवातरी येतीलच.”

भैरवीला रडू फुटलं. कुणी तिची समजूत काढली नाही. केरबाने खिशातून पेन काढलं आणि विचारलं, “सही कुठं करायची?”

त्याने सह्या केल्या. कागद आत गेले. न्यायाधीशांनी दोन प्रश्न विचारले, केरबाने दोन उत्तरं दिली, आणि दुपारी सुटकेचा आदेश निघाला. पाच महिन्यांचं काम पाऊण तासात झालं.

बाहेर आल्यावर भैरवीने गाडीची किल्ली काढली. “मी सोडते तुम्हाला कळंब्याला. मला त्याची माफी मागायची आहे.”

“नगं,” धोंडुबाई पदर खोचत म्हणाली. “आमी बसनं जातो. त्याला ह्यातलं काय बी ठावं न्हाय, वकीलबाई. तुमी आलासा तर तो तुमच्या पाया पडंल. ते मला बघवायचं न्हाय.”