नऊ पाकिटं

क्षमा मागायला मोठं काळीज लागतं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. त्याला मात्र त्यासाठी जाड कागद लागायचा, आणि तो आत्ताच तिरका कापला गेला होता. त्याने स्टीलची पट्टी उचलली, फसलेला तुकडा जेवणाच्या टेबलाच्या कडेला सरकवला आणि ब्लेड बदललं. कडेला अशा तुकड्यांची चळत आधीपासूनच होती. ती वरणाच्या भांड्यापर्यंत पोचली होती.

“आज टेबलावर जेवायचं, की ताट मांडीवर घेऊ?” बायकोने विचारलं.

“खिडकीची झडपं राहिलीत फक्त.”

“परवा छप्पर राहिलं होतं.”

“छप्पर झालं.”

“वा. म्हणजे राहायला जायला हरकत नाही.”

तिने ताट मांडीवर घेतलं. ती शाळेत भूमिती शिकवायची, त्यामुळे या कामातली मापं तिला पटत. फक्त हेतू पटत नसे.

कार्ड ताईसाठी होतं. ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण, रेल्वेने पाच तासांच्या अंतरावर राहणारी. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला तो हाताने केलेलं एक कार्ड पाठवायचा, आणि हे दहावं होतं. निवृत्त होईपर्यंत तो नगररचना खात्यात आरेखक होता. बत्तीस वर्षं त्याने रस्ते आणि नाले काढले. त्यातले काही नंतर झालेही. दोन ताव जोडून मोठा नकाशा करायचा असेल तर जोड दिसता कामा नये, ही त्याच्या पहिल्या साहेबांची शिकवण. पुढे साहेब निवृत्त झाले, नकाशे संगणकावर गेले, आणि शिकवणीला जायला दुसरी जागा न उरल्यामुळे ती त्याच्याबरोबर घरी आली.

नऊ वर्षांपूर्वी आई गेली. ती त्याच्याकडेच होती. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर रोज ‘उद्या बघू’ म्हणत होते, आणि तोही ताईला उद्या कळवू म्हणत राहिला. ताई आली तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. दारातच तिने विचारलं, “कळवायचं नाही का रे?”

तो चार रात्री झोपला नव्हता. तो म्हणाला, “तू येऊन काय करणार होतीस?”

त्यानंतर दोघं भेटले नाहीत असं नाही. दोन लग्नांत आणि एका दवाखान्यात भेटले. पण तिथे बोलायला इतर माणसं होती.

ते वाक्य परत घेण्याचे सोपे मार्ग होते. फोन होता, रेल्वे होती. त्याने कार्ड केलं. पहिलं अगदी साधं होतं: आत कागदाचं एक फूल, आणि फुलाखाली कोरीव अक्षरात दोन वाक्यं. ती दोन वाक्यं लिहायला त्याला अकरा दिवस लागले. कार्डासाठी त्याने पाकीटही स्वतःच केलं, त्यावर कागदाची जाळी कापून चिकटवली आणि पाकिटाची जीभ, म्हणजे बंद करायची घडी, त्या जाळीखाली अशी बेमालूम बसवली की साहेबांनी पाठ थोपटली असती. मग ते सगळं खाकी टपाली लिफाफ्यात घालून रवाना केलं.

चौथ्या दिवशी ताईचा मेसेज आला. ‘मिळालं. फार सुंदर.’

“बघा, सुंदर म्हणाल्या,” बायको म्हणाली.

“तेच तर.”

“तेच तर काय?”

“दुसरं काहीच नाही म्हणाली.”

दुसऱ्या वर्षी त्याने कागदाच्या पट्ट्या सुईवर गुंडाळून मोर केला. ‘मिळालं. फार सुंदर.’ चौथ्या वर्षी कार्ड उघडताच आत कंदील उभा राहायचा. ‘फार सुंदर.’ सातव्या वर्षी लहानपणच्या भाड्याच्या घराचा जिना उभा केला, सतरा पायऱ्यांचा, वर फ्रॉकमधली मुलगी आणि खाली रडणारा मुलगा. त्या वर्षी मेसेज आला, ‘मिळालं. फारच सुंदर.’ त्या ‘च’वर त्याने एक आठवडा काढला.

बहीण गप्प राहिली की तो एक मजला चढवायचा. मजकूर मात्र उलट्या दिशेने चालला होता. दोन वाक्यांचं एक झालं, मग अर्धं. गेली तीन वर्षं तो आत फक्त ‘ये’ लिहीत होता.

खिडकीची झडपं बसवून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला.

“मामा, आई पडली. घाबरू नका, मनगटच आहे. पण उजवं. मला मंगळवार ते गुरुवार कामासाठी बाहेर जायचंय. येऊन राहाल का?”

“तिनं सांगितलंय?”

“मी सांगतेय ना.”

त्याने बायकोला विचारलं, येतेस का.

“नको,” ती म्हणाली. “मी असले की तुम्ही दोघं माझ्याशीच बोलाल.”

मंगळवारी दुपारी ताईने डाव्या हाताने दार उघडलं. ती चार वर्षांनी मोठी होती, पण आता त्याच्या खांद्याला लागत होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

“आलास?”

“आलो.”

“चपला आत घे. खालचं कुत्रं नेतं.”

नऊ वर्षांनी एकट्यात झालेलं हे पहिलं बोलणं. त्याने चपला आत घेतल्या.

ताईने जेवण झालंय का विचारलं, त्याने गाडीत झालं म्हणून सांगितलं. तिने गाडी वेळेवर होती का विचारलं, त्याने वीस मिनिटं उशीर म्हणून सांगितलं. वीस म्हणजे फार नाही, यावर दोघांचं एकमत झालं. मग विषय संपले. त्याने पिशवीतून दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेलं दहावं पाकीट काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

“वाढदिवस शुक्रवारी आहे,” तो म्हणाला. “पण हातात देतो.”

ताईने ते डाव्या हातात घेतलं, खिडकीजवळ नेलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिली. जाळीतून मागचा निळा कागद दिसत होता. तिने अंगठा त्यावरून फिरवला, कागदाला न टेकवता.

“आता आणखी एक खिळा मारावा लागणार,” ती म्हणाली.

“खिळा कशाला?”

“ये, दाखवते.”

ती त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. पलंगासमोरच्या भिंतीवर काचेच्या नऊ चौकटी होत्या, तीन ओळींत तीन-तीन. त्यातल्या प्रत्येकीत त्याचं एक पाकीट होतं.

दुसऱ्या पाकिटाचा गुलाबी रंग उन्हाने उडालाय, हे त्याला आधी दिसलं. मग तो भिंतीजवळ गेला. पहिल्याची जीभ बंद होती. त्याने खालच्या ओळीत पाहिलं. मग वाकून शेवटच्या ओळीत.

“ताई, ही उघडली नाहीस?”

“काय उघडायचं?”

“पाकिटं.”

“कसली पाकिटं? ही तू पाठवलेली कार्डं आहेत.”

“ही पाकिटं आहेत. कार्ड आत आहे.”

ताईने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी तो ताप आल्यावर काहीतरी बरळायचा तेव्हा ती असंच बघायची.

“आत पुठ्ठा आहे,” ती समजुतीने म्हणाली. “टपालात वाकू नये म्हणून घातलेला. हाताला लागतो की.”

“पुठ्ठा नाही. जिना आहे.”

“जिना?”

“सातव्यात. आपल्या जुन्या घराचा. चौथ्यात कंदील आहे. दुसऱ्यात मोर.”

“मोर आत ठेवलास?”

“हो.”

“आणि बाहेर नुसती जाळी?”

“हो.”

ताई पलंगाच्या कडेवर बसली. तिने प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला आणि पहिल्या चौकटीकडे बोट केलं. “ते काढ खाली. उघडायचं कुठून ते तरी दाखव.”

त्याने चौकट उतरवली, मागची फळी सोडवली आणि पाकीट बाहेर काढलं. जीभ जिथे असायला हवी होती तिथे बोट ठेवलं. तिथे नव्हती. दुसऱ्यांदा बोट सरकवल्यावर सापडली.

“तुलाच सापडेना,” ताई म्हणाली.

“काही लिहिलंयस आत?”

“हो.”

“सगळ्यांत?”

“पहिल्यात जास्त. मग कमी कमी.”

“आणि मी आपली ‘फार सुंदर’, ‘फार सुंदर’ करत बसले. तुला वाटलं असेल, काय दगड आहे ही बाई.”

“छे.” मग तो खऱ्याला जागला. “पाचव्या वर्षी वाटलं होतं.”

ताईला हसू आलं. हसताना मनगट हललं आणि ती “आई गं” म्हणाली.

“मला काय वाटायचं सांगू?” प्लास्टर सावरत ती म्हणाली. “याला बोलायचं नाहीये, म्हणून नुसती नक्षी पाठवतो. नाव नाही, एक ओळ नाही. पण नक्षी अशी, की रागही धरता येईना. शेजारच्या बाई म्हणाल्या, एवढं मन लावून भाऊ करतो, नशीब लागतं. मी म्हटलं, हो, लागतं.”

त्याने खिशातून चष्म्याची डबी काढली. डबीत चष्मा नव्हता, ब्लेड होतं. त्याने ते पाकिटाच्या कडेशी नेलं.

“ए! ब्लेड लावायचं नाही.”

“मग उघडणार कसं?”

“फाडायचं नाही आणि कापायचं नाही. वाफेवर धर. निकालाचं पत्र बाबांच्या आधी उघडायचो तसं.”

“तेव्हा पकडले गेलो होतो.”

“तू पकडला गेलास. मला काही झालं नव्हतं.”

दोघं स्वयंपाकघरात आले. त्याने पातेल्यात पाणी ठेवलं, गॅस लावला. पाणी उकळेपर्यंत ताई ओट्याला टेकून उभी राहिली. वाफ यायला लागली तसं त्याने पाकीट दोन्ही हातांनी धरलं, खूप खाली नाही, खूप वर नाही. पाच मिनिटं गेली. जाळीचा एक कोपरा किंचित उचलला आणि जीभ तशीच राहिली.

“सुटतंय का?”

“अजून नाही.”

“काय लिहिलंयस ते तुला पाठ असेल ना?”

“दोन वाक्यं आहेत.”

“मग सांग की तोंडाने. गॅस कशाला जाळतोस?”

त्याने पाकिटाची बाजू बदलली. ती तपासून बघितली. मग पाकिटाकडे बघतच म्हणाला, “तू येऊन काय करणार होतीस, असं मी त्या दिवशी बोललो ते बोलायला नको होतं.”

“हं.” ताईने ओट्यावरचं फडकं उगाच सरळ केलं. “आणि दुसरं?”

वाफेने त्याचा चष्मा पांढरा झाला होता. त्याने तो पुसला नाही.

“आई तुला विचारत होती, ‘ताई निघाली का’ म्हणून.”

फडक्यावरचा हात थांबला.

“कधी?”

“बुधवारी. सकाळी दोनदा, संध्याकाळी एकदा.”

“शुद्धीत होती?”

“होती.”

“तू काय सांगितलंस?”

“निघाली, म्हणून सांगितलं.” पाकीट हातात ओलसर झालं होतं. “तेव्हा मी तुला कळवलंही नव्हतं.”

ताई खिडकीकडे वळली. समोरच्या गच्चीत एक बाई चादर वाळत घालत होती, वारा ती परत तिच्याच अंगावर आणत होता. बाईने तिसऱ्यांदा चादर झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले आणि आत गेली. ताई रिकाम्या गच्चीकडे बघत राहिली.

“मी नऊ वर्षं धरून चालले होते,” ती म्हणाली, “की तिला माझी आठवण झाली नसेल.”

तो उभाच होता. हात खाली घ्यावा की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

ताईने डाव्या हाताने डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा. मग पातेल्यात डोकावली.

“पाणी आटत चाललंय. चहा तरी टाक त्यात.”

त्याने पाकीट कोरड्या जागी ठेवलं, फळीवरचे डबे हुडकले. चहापूड तिसऱ्या डब्यात निघाली, साखर चौथ्यात.

“साखर किती घेतेस?”

“बंद आहे. पाच वर्षं झाली.”

“कळवलं नाहीस.”

ताईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने डब्याचं झाकण लावलं आणि स्वतःच्या कपातही साखर घातली नाही.

चहा त्यांनी तिथेच, ओट्यापाशी उभ्याने घेतला. ताईला डाव्या हाताने कप नीट धरता येत नव्हता, म्हणून त्याने खाली बशी धरली. चहा झाल्यावर तिने बुधवारचं परत विचारलं, पहिल्यापासून, आणि त्याने परत सांगितलं. मधेच पुन्हा पाणी ठेवून पाकिटाला दोनदा वाफ दिली.

पाकीट उघडलं नाही. तो वापरायचा त्या डिंकावर पाण्याचा आणि वाफेचा परिणाम होत नाही. डिंकाच्या डब्यावर तसं छापलेलं असतं.