आईला गाडीत बसायचं होतं

आमच्या घरात बोअरचं पाणी माणसांना आणि नळाचं पाणी गाडीला, अशी वाटणी आहे. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. ते रंगावर सुकलं की पांढरे ठिपके पडतात आणि एकदा बसलेले ठिपके पॉलिश केल्याशिवाय निघत नाहीत. हे सगळं मला माझ्या नवऱ्याने शिकवलं. त्याच पाण्याने माझे केस केरसुणीसारखे झाले, ते मात्र त्यांना अजून दिसलेलं नाही. केसांवर ठिपके पडत नाहीत, म्हणून असेल.

नवऱ्याचं नाव चिंतामणी. अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात अधिकारी आहेत. मालात खोट शोधणं हा त्यांचा धंदा, आणि तो ते घरीही आणतात. आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये राहतो. गाडी घेतली ती काळी. काळ्यावर धूळ फार दिसते, असं शोरूममधला माणूससुद्धा म्हणाला होता, पण काळा रंग नीट राखला तर त्यात तोंड दिसतं, असं यांनी कुठेतरी ऐकलं होतं. तेव्हापासून दर रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये अभिषेक असतो. दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं, फडकं खळबळायला. आधी टप, मग काचा, मग दारं, चाकं सगळ्यांत शेवटी. टपाचं फडकं निळं, दारांचं पिवळं. एकदा मी निळं फडकं ओट्यासाठी घेतलं, तर चार दिवस घरात अबोला होता. धुऊन झालं की फडक्याने पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. पुसलं तर गोल गोल बारीक ओरखडे येतात, आणि ते शोधायला हे मोबाईलचा टॉर्च मारून पत्र्यावर डोळा लावून बघतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिलं नाही.

गाडीत बसण्याआधी चपला झटकायच्या. दार हाताने ढकलायचं नाही, कडीला धरून लावायचं. तळहातावरच्या फोडासारखी जपली ती गाडी. माझी तक्रार नव्हती. दारू पीत नाहीत, पत्ते खेळत नाहीत, गाडी पुसतात. शेजारच्या बायका तर म्हणायच्या, सुनेत्रा, तू नशीबवान.

माझं माहेर बदलापूरजवळच्या चामटोलीचं. वडील लवकर गेले. आई, म्हणजे वेणूबाई, माझ्या भावाकडे, रघुकडे राहायची. शेतातले वाल, तोंडली, थोडा भात, असं सगळं तिच्या हातचं. तिला कशाचीच हौस नव्हती. साडी दिली तर ट्रंकेत ठेवायची, पैसे दिले तर रघुच्या बायकोला द्यायची. आयुष्यात तिने एकच गोष्ट मागितली, तीही गाडी घेतल्याचं कळलं त्या दिवशी.

"एकडाव जावयाच्या गाडीत बसून गावातना जायचं हाय मला," ती म्हणाली. "लोकांनी बगितलं पायजे. मग डोले मिटले तरी चालल."

मी हसले. त्यात काय, म्हटलं, पुढच्या रविवारी.

पण रघुच्या घरापर्यंतचा शेवटचा तुकडा खडीचा. खडी चाकाने उडते आणि दाराच्या खालच्या अंगाला लागते, मग रंगाचे टवके जातात. त्यामुळे हे गाडी डांबरी रस्त्यावर फाट्यालाच लावायचे आणि आम्ही पुढे चालत जायचो. आईला फाट्यापर्यंत चालत आणून तिथून गाडीत बसवावं, तर तिचं म्हणणं, मग गावातल्यांना कसं दिसणार? बरोबरच होतं तिचं. आईचं गाडीत बसणं म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कधी पॉलिश नुकतंच केलेलं, कधी गावात कोणाच्या तरी घरापुढे वाळू पडलेली, कधी यांची सुट्टी रद्द.

एकदा ती आपणहून फाट्यापर्यंत आली, गाडी बघायला. हातात वालाच्या शेंगांची पिशवी होती. चालून दमली होती, तेव्हा पिशवी तिने सहज बोनेटवर ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. हे एक शब्दही वाकडं बोलले नाहीत. फक्त पिशवी उचलली, माझ्या हातात दिली, डॅशबोर्डमधून पिवळं फडकं काढलं आणि पिशवी होती तेवढीच जागा टिपली. आईने ते पाहिलं. मग तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तसेच बांधून गाडीभोवती एक फेरी मारली. देवळात मारतात तशी. त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही, आणि का ते यांनी विचारलं नाही.

या थंडीत आईचा दम वाढला. रघुचा फोन आला तो नेमका रविवारी संध्याकाळी. बदलापूरच्या दवाखान्यात न्यायला हवं, तिला बसवत नाहीये, दाजींना गाडी घेऊन यायला सांग. मी जिने उतरून पार्किंगमध्ये गेले. हे गाडीला सिरॅमिक कोटिंग करत होते. ऑनलाइन मागवलं होतं, छोटी बाटली आणि स्पंज. आधी उभा हात, मग आडवा हात, मग थांबून टिपायचं. दिवसभर तेच चाललं होतं. मी निरोप सांगितला. त्यांनी मला कोटिंगच्या डब्यावरचा कागद दाखवला. आठवडाभर धूळ नको, पाणी नको, नाहीतर केलेलं सगळं वाया.

"रिक्षा लवकर पोचेल," ते म्हणाले. "मी फोन करतो, ओळखीचा आहे."

आणि खरंच रिक्षा लवकर पोचली. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक लगेच अर्थ लावतात. उशीर झाला नाही. गाडी नेली असती तरी आई वाचली नसती, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. गाडीने तिला मारलं नाही. पण ती दवाखान्याच्या दारात रिक्षातून उतरली, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, आणि आधी माझ्या मागे बघितलं. मग मला विचारलं, गाडी आनली न्हाई का?

हे दवाखान्यात रोज येत होते. फळं आणायचे, औषधं आणायचे, रात्री रघुला घरी पाठवून स्वतः बसायचे. माणूस वाईट नाही, आणि हेच मला जास्त छळतं. वाईट असता तर कधीच मोकळी झाले असते. शेवटच्या दिवशी सकाळी ते आईला म्हणाले, तुम्ही फक्त बऱ्या व्हा, घरी मी गाडीतूनच नेणार, पार दारापर्यंत. आईने ते नर्सला सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं. दुपारी ती गेली. तिला घरी नेलं ॲम्ब्युलन्सने, पार दारापर्यंत. ॲम्ब्युलन्सला खडी चालली.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो, गाडीने. घाटाकडे जाणारा रस्ता नुकताच सिमेंटचा झालाय, त्यामुळे हरकत नव्हती. आमच्याकडे दहाव्याला बायकाही नदीवर जातात. हे झाडांपासून लांब, उघड्यावर गाडी लावून आले. झाडाखाली ते कधीच लावत नाहीत. पक्ष्यांच्या विष्ठेत आम्ल असतं, उन्हात थोडा वेळ राहिली तरी रंग खाते.

रघुने विधी केले, पिंड मांडले, गुरुजींनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. कावळे होते, भरपूर होते. पण त्यातला एकही पिंडाकडे येईना. सगळे जाऊन गाडीवर बसले. टपावर तीन-चार, एक बोनेटवर. टप इतका चकचकीत की त्यांना त्यात दुसरे कावळे दिसत असावेत, कारण ते मान वाकडी करून खाली बघत होते आणि मधूनच टपावर चोच मारत होते. टक, टक. प्रत्येक टकला यांचा खांदा उडत होता. एरवी धावून गेले असते, पण दहाव्याला कावळा हाकलायचा कसा? सगळा गाव बघत होता.

सुरुवात रघुने केली. आई, तुझा वालाचा मळा मी मोडणार नाही, म्हणाला. त्याची बायको म्हणाली, सगळे सण करू, नणंदेला माहेर तुटू देणार नाही. भाऊबंद एकेक करून पुढे आले आणि आईचे गुण गाऊन गेले. जिवंतपणी यातल्या अर्ध्यांनी तिच्याशी बांधावरून भांडण काढलं होतं. मेल्या म्हशीला मणभर दूध. कावळे गाडीवरून हलेनात.

शेवटी माहेरची शेजारीण ठमाकाकी, आईच्या वयाची, काठी टेकत पुढे आली. तिने गाडीकडे बोट दाखवलं.

"वेणूचा जीव त्या गाडीत अडकलाय," ती म्हणाली. "जावयानी शब्द द्यावा."

सगळ्या माना यांच्याकडे वळल्या. कोणी तरी तोडगाही सुचवला, वेणूबाईचा फोटो गाडीत ठेवून गावातून एक फेरी मारा, झालं. मला वाटलं, चला, वरातीमागून घोडं का होईना, येतंय. माझा कावळ्यांवर विश्वास आहे की नाही, मला माहीत नाही. पण त्या क्षणी मी यांच्या तोंडाकडे बघत होते. एवढं एक वाक्य म्हणा, मी मनात म्हणत होते, मी सगळं विसरेन.

हे पुढे झाले, डोळे मिटले, हात जोडले.

"आई, तुमचा फोटो गाडीत ठेवून गावातून नेऊ," ते म्हणाले. मग थांबले. "रस्ता डांबरी झाला की लगेच."

कोणी हसलं नाही. बऱ्याच जणांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. माझ्या डोक्यात मात्र काहीतरी फटकन तुटलं. मेलेल्या बाईलासुद्धा या माणसाने तारीख पुढची दिली. मी रघुला बाजूला सारलं आणि पिंडांसमोर जाऊन उभी राहिले.

"आई, त्या गाडीत तुला कोणी बसवणार नाही," मी म्हणाले. "वाट बघू नकोस. जा तू."

रघुने माझा दंड धरून मला मागे ओढलं. अशा वेळी असं बोलतात का, म्हणून बायकांत कुजबुज सुरू झाली. कावळे तसेच. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि पिशवीतून दर्भ काढून त्याचा कावळा वळायला घेतला. खरा कावळा शिवत नाही तेव्हा दर्भाचा शिववतात आणि विधी उरकतात. आईच्या नशिबी तोही गवताचाच, असं मनात आलं आणि मला रडू फुटलं.

तेवढ्यात बोनेटवरच्या कावळ्याने आपलं काम केलं. काळ्या रंगावर पांढरी धार लांबूनही दिसली. ती यांनाही दिसली. आधी ते नुसतेच दोन पावलं मागे सरकले, मग गर्दीतून वाट काढत झपझप चालायला लागले, आणि गर्दी संपल्यावर सरळ पळाले. दार उघडलं, पाण्याची बाटली काढली, पिवळं फडकं काढलं, आणि डोक्यावर गरगर फिरवून कावळ्यांना हाकललं.

कावळे एकदम उडाले. घाटावर एक गिरकी घेतली आणि त्यातला एक खाली आला, थेट पिंडावर. भाताचं शीत उचललं आणि गेला.

सगळ्यांनी हात जोडले. रघु ढसाढसा रडला. ठमाकाकी म्हणाली, बगा, जावयाचा शब्द पावला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, पोरी, असं वंगाल बोलू नये, आई होती तुजी. भाऊबंदांतले दोघंतिघं यांचं कौतुक करायला गाडीपर्यंत चालत गेले.

मी कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार? कावळ्यात आई असेल किंवा नसेल. पण असलीच, तर जिवंतपणी ज्या गाडीत बसायला मिळालं नाही तिच्या टपावर ती घटकाभर बसली होती, आणि तिच्या जावयाने तिला फडक्याने हाकललं. म्हणून ती गेली. शब्दाबिब्दाने नाही.

लोक पांगल्यावर मी गाडीपाशी गेले. हे बोनेटवर टॉर्च मारून बघत होते. भर उन्हात टॉर्च. पाण्याने भिजवून, फडकं न घासता, अलगद टिपून त्यांनी ती जागा स्वच्छ केली होती. तिथे मला माझं तोंड दिसत होतं, रडून सुजलेलं. त्यांनी वर बघितलं.

"शिवला म्हणे," ते म्हणाले. "बरं झालं. मनाला लागून राहिलं असतं."

मी म्हटलं, मी गाडीत येत नाही. रघुकडे चालत जाते, खडीच्या रस्त्याने. आणि कात्रपला परत कधी येईन ते सांगता येत नाही. हे शेवटचं मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, कळावं म्हणून.

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून नजर खाली नेली. नदीत उतरल्याने माझी पावलं घोट्यापर्यंत बरबटली होती. त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"हरकत नाही," ते म्हणाले. "तसेही तुझे पाय चिखलाचे आहेत."