हरणाबाईची वाटणी

नवरा सोपान लढाईत कामी आल्याची तार हरणाबाईनं उजव्या हातानं घेतली, आणि त्या दिवसापासून त्या हाताची मूठ वळेना. सासू येसूबाईनं तिला सांगलीला नेलं. डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला.

"हाडाला, शिरेला काही झालेलं नाही. मनाला धक्का बसलाय," ते म्हणाले. "तिला आवडेल असं काहीतरी नाचू द्या, खेळू द्या."

येसूबाईनं गावी येऊन एकच चूक केली. तिनं हे दीर तात्याबांना सांगितलं.

तात्याबा घरचे कर्ते. त्यांची निम्मी हयात बांधाच्या भांडणापायी इस्लामपूरच्या कोर्टात गेलेली. त्यांनी 'आवडेल असं' तेवढं गाळलं आणि 'नाचू द्या' चावडीवर नेलं. लगेच दोन तज्ज्ञ उगवले. एक हिंदुराव, पलटणीत कवायत घेऊन पेन्शनीत आलेला, आता गावच्या लेझमीचा मास्तर. दुसरा नाथाजी देवऋषी, ज्याच्यापुढं अंगात आलेल्या बाया घुमायच्या.

"हालचाल म्हंजे आमचं खातं," हिंदुराव म्हणाला.

"घुमल्याबिगार आतलं भ्या भाईर पडत न्हाई," नाथाजी फणकारला. "ह्यो कवायतवाला काय काढणार?"

तात्याबांनी न्याय केला. "कमरंखाली हिंदुराव, कमरंवर नाथाजी. एकमेकाच्या हद्दीत कुनी शिरायचं न्हाई."

झालं. सकाळी अंगणात हिंदुराव हरणाबाईला लेफ्ट-राइट करायला लावी. संध्याकाळी नाथाजी उदाच्या धुरात तिला डोलवी. पाय हलला की हिंदुराव दारातून ओरडे, की पाय माझा आहे. हिंदुरावानं लेझीम आणली, तर नाथाजीनं हाताची हद्द दाखवली. मग हिंदुरावानं अक्कल लढवली. हात खाली सोडला की पंजा कमरेखाली येतो, तेव्हा पंजा त्याचाच! यावर दोघं आठवडाभर भांडले. हरणाबाई मात्र वाळत चालली. तिला काय आवडतं, हे एकानंही विचारलं नाही. येसूबाईच्या जिवाचा नुसता संताप व्हायचा. एक पोरगा गेला होता, आता ही पोरही तिच्या डोळ्यांदेखत चालली होती.

नागपंचमीला देवळामागं बायकांचा फेर रंगला. सासू-सून, दोघी विधवा, रिवाजाप्रमाणं लांब बसल्या. येसूबाईनं पाहिलं, सुनेच्या पायाचा अंगठा ठेक्यावर हलत होता. फुगडीत हरणाबाईला तोड नव्हती. सुट्टीवर आलेला सोपान भिंतीआडून चोरून बघायचा. पलीकडं पारावर तात्याबांपुढं पंजाचा तंटा चालूच होता.

येसूबाई उठली. तिनं पदर खोचला आणि दोन्ही हात पुढं केले.

"ऊठ."

"आत्याबाई, आपल्यास्नी चालतं व्हय?"

"ऊठ म्हनते न्हवं!"

पहिल्या गिरकीला हरणाबाईचा उजवा पंजा तसाच मेलेला. येसूबाईनं दोन्ही हातांची पकड एकटीनं सांभाळली. फुगडीनं वेग घेतला, म्हातारी मागं कलली, तिचा घामेजला हात सुटायला लागला. आता ही पाठीवर आपटणार, एवढ्यात हरणाबाईची बोटं वळली आणि तिनं सासूचं मनगट गच्च आवळलं.

पारावरून तिघंही धावत आले.

"आवं काकू, रंडक्या बायांनी फुगडी?" हिंदुराव ओरडला.

"देवाला खपायचं न्हाई!" नाथाजीनं री ओढली. इतक्या दिवसांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. तात्याबांनीही मान डोलावली.

येसूबाई थांबली नाही. फिरता फिरताच कडाडली, "पाय ह्याचं, हात त्येचं, वाटनी केलीसा न्हवं? मग हिचं रंडकीपन कुनाच्या हद्दीत येतं, त्ये सांगा आदी!"

हिंदुरावानं नाथाजीकडं बोट दाखवलं, नाथाजीनं तात्याबांकडं.

"आत्याबाई," हरणाबाई धापा टाकत म्हणाली, "मनगट दुखतंय का वं?"

"लय दुखतंय," येसूबाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "सोडू नगंस."