वजनकाट्याच्या आधी

माझा पुतण्या वीरधवल सैन्यभरतीला उतरणार होता. वयाच्या अटीत बसणारी ही त्याची शेवटची भरती. आजा पलटणीत होता, मीही हवालदार होऊन परतलो, त्यामुळे पोराला दुसरं काही सुचतच नव्हतं. वजन तेवढं जरा जास्त भरत होतं. रोज पळाला असता तर आपोआप उतरलं असतं. पण आपोआप होणाऱ्या गोष्टीवर हल्ली कुणाचा विश्वास आहे?

इस्लामपुरात एक न्यूट्रिशन कोच उगवला होता. काल-परवापर्यंत मोबाईलची कव्हरं विकणारा हा दीडशहाणा आता लोकांना जेवायला शिकवत होता. त्यानं वीरधवलची भाकरी, भात, दूध सगळं तोडलं आणि हातात पावडरीचा डबा दिला. सकाळी पावडर, दुपारी काकडी, रात्री पुन्हा पावडर.

"का रं, भाकरीनं तुझं काय घोडं मारलंय?" मी विचारलं.

"आवं काका, भाकरी म्हंजे नुसतं कार्ब हाय."

"व्हय? मग तुझा आजा काय काकडी खाऊन बर्फात हुबा ऱ्हायला?"

त्याची आई, संयोगितावहिनी, माझ्यावरच उखडली. "तुमी गप बसा भावजी. लय फरक पडलाय त्याला."

फरक तर दिसतच होता. गाल बसले होते, जिना चढताना पोरगं कठडा धरत होतं. घरच्यांना त्याचंच कौतुक! भरतीत आधी पळवतात, काट्यावर नंतर उभं करतात, हे मी ओरडून सांगितलं. पण माझं ऐकतो कोण? माझ्याकडे विकायला डबा नव्हता ना.

सांगलीच्या मैदानावर पहिल्या फेरीत तो पुढं होता. दुसऱ्या फेरीत पाय लटपटले आणि तो तोंडावर आपटला. मागची पोरं त्याला चुकवून निघून गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उपासमारीनं अंगातले क्षार पार उतरलेत, हृदयाचे ठोके चुकतायत, थोडक्यात वाचला.

सलाईन लावलेल्या हातानं त्यानं माझं मनगट धरलं. "काका, पुन्यांदा पळू देत्याल का वं?"

मला त्याच्याकडे बघवेना. तेवढ्यात उशाशी त्याचा फोन वाजला. कोच होता. मी उचलला.

"काय मग, काट्यावर किती भरलं? ग्रुपवर फोटो टाकायचाय."

"काट्यापातूर पोरगं पोचलंच न्हाई. चक्कर येऊन पडलं. भरती गेली त्याची."



"आसू द्या की. घरच्या काट्यावर हुबं करा. वजन तर उतरलंय न्हवं?"