सरकलेली बेंबी

पोट दुखायला लागलं ते बेंबीपाशी. संध्याकाळी दुखणं तिथून उठलं आणि उजवीकडे, खाली, कमरेच्या हाडाशी येऊन बसलं. मी आईला सांगितलं.

"सरकली," आई म्हणाली.

"काय?"

"बेंबी. सातिवलीच्या गोडाउनात खोके उचलतोस ना? दुखणं जागा सोडतंय म्हणजे बेंबीनं जागा सोडली."

मी शर्ट वर करून दाखवलं. बेंबी होती तिथेच होती.

"वरून तशीच दिसते," आई म्हणाली.

मी डॉक्टरचं नाव काढलं. आई भिंतीकडे बघायला लागली. भिंतीवर बाबा आहेत. गेल्या वर्षी त्यांना छातीत गॅस झाला. ओवा झाला, सोडा झाला, शेवटी रिक्षा झाली, हॉस्पिटल झालं. गॅस उतरला नाही. आईनं त्यातून एवढंच घेतलं की ओव्यापर्यंत माणूस जिवंत होता.

मला तेव्हा रडू आलं नाही. नंतर येईल म्हणून वाट पाहिली. कुरिअरसारखं, घरी कोणी नसताना येऊन परत गेलं असावं.

खालच्या मजल्यावरच्या मार्गारेट आंटी मूळच्या पाचूबंदरच्या. बेंबी बसवणं त्यांच्या हातात आहे. पैसे घेत नाहीत, केळी घेतात. त्यांनी माझ्या पोटावर क्रूस काढला, आईनं कपाळाला अंगारा लावला. दोन्हीकडून बंदोबस्त. मग बेंबीवर पणती पेटवून वर तांब्या उपडा घातला. पणती विझली आणि तांब्यानं पोट धरलं. तो सुटल्यावर आंटींनी तेल लावून अंगठ्यानं बेंबी उजवीकडून मध्ये ढकलायला घेतली.

"लागतं का रे?"

"ओरडतोय मी, आंटी."

"ओरड, ओरड. येतेय जागेवर."

दारात त्यांचा जेसन उभा होता. माझ्याच गोडाउनात असतो. "मम्मी, अपेंडिक्स असेल त्याला."

"तू गप. बारावीला बायोलॉजीत काय उजेड पाडलास तो पाडलास."

सकाळी आत काहीतरी सुटलं आणि दुखणं थांबलं. पंखा बंद झाल्यावर कळतं ना, की इतका वेळ तो आवाज करत होता? तसं.

आईनं निर्मळची केळी मागवून आंटींना दिली. मग श्रेयावरून जुंपली. आंटी म्हणाल्या, अंगठा. आई म्हणाली, अंगारा. शिवाय तांब्या आमचा होता. मी पांघरुणात कुडकुडत ऐकत होतो.

"बेंबी घरी आली की अंग तापतं," आंटी म्हणाल्या. "पानी पाज त्याला."

जेसननं माझ्या कपाळाला हात लावला. "चल, स्कूटर काढतो."

आई दारात आडवी उभी राहिली. "थांबलंय ना आता दुखायचं? मग कशाला न्यायचं?"

"काकी," जेसन म्हणाला, "काकांचंपण थांबलं होतं ना? रिक्षात?"

आंटींनी हातातलं केळं खाली ठेवलं. आई वाकली आणि माझ्या चपला शोधायला लागली. समोरच होत्या, तरी तिला दिसेनात.

हॉस्पिटलात डॉक्टरनं विचारलं, "कुठं दुखतंय?"

"कुठंच नाही."

ते लिहायचे थांबले. पोट दाबायला गेले तर ते फळीसारखं कडक. "अपेंडिक्स फुटलंय," म्हणाले. "फुटल्यावर थोडा वेळ बरं वाटतं. लोक तेवढ्यात घरी जाऊन जेवतात." आणि मला आत घेतलं.

शुद्धीवर आलो तेव्हा मार्गारेट आंटी चादर उचलून पट्टीच्या आसपास बघत होत्या. "बेंबी जागेवर आहे," त्यांनी आईला सांगितलं. हळूच. श्रेय न मागता.

"दुखतंय का रे?" आईनं विचारलं.

दुखत होतं. टाक्यांत दुखत होतं, घशात दुखत होतं, जिथं टाके नव्हते तिथंही दुखत होतं. मग कुरिअर आलं. सही करायला हात मोकळा नव्हता, सलाईन लावलं होतं. मी तसाच रडलो. नर्स धावत आली, इंजेक्शन देऊ का म्हणाली.

"राहू दे," आई म्हणाली. "दुखू दे जरा."